पहिला लेथ घेताना घाई नको

गेल्या पावसाळ्यातील एका जुम्म्याची गोष्ट. नमाज आटोपून आम्ही कापड बाजारातील दुकानावर येऊन बसलो होतो. मुकुंदनगरचा एक विशीतला मुलगा आला. सलाम केला आणि मोबाइलवरचा एक फोटो आमच्यापुढे धरला. लाकूडकामाचा लेथ होता. सहा फुटी बेड, खाली मोठी मोटर, शेजारी नमुन्याबरहुकूम नक्कल करणारी जोडणी. मुलगा म्हणाला, "चाचा, हाच घ्यायचाय. अम्मीच्या बांगड्या ठेवल्या तर निम्मे पैसे उभे राहतात. बाकीचे तुम्ही द्या, वर्षात फेडतो."

आम्ही विचारले, "यावर काय करणार?"

"सगळं होतं यावर, चाचा."

"सगळं म्हणजे काय? पहिल्या महिन्यात कोणती वस्तू करशील आणि कोणाला विकशील?"

यावर तो गप्प बसला. मुलगा कष्टाळू आहे, हाताला गुण आहे, आजोबा खरादी होते. तरीही त्याच्याकडे या एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. मशीन आधी आणि काम मागाहून, असा त्याचा हिशेब होता. आम्ही त्या दिवशी पैसे दिले नाहीत. का दिले नाहीत, हे इथे सविस्तर लिहितो आहोत, कारण असे मुलगे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत आणि अशा अम्मीच्या बांगड्याही आहेत.

कापडाच्या व्यापाऱ्याने लेथविषयी काय म्हणून लिहावे, असे कोणी विचारील. खरे तर विणकर आणि खरादी यांचे नाते जुने आहे. नगर आणि भिंगार ही हातमागाच्या लुगड्यांची गावे होती. मागावरच्या कांड्या, बॉबिनी, रहाटाचे भाग हे सारे लाकूड कातूनच होत असे. माग गेले तसे ते कामही गेले. पण लिहिण्याचे दुसरे एक कारण आहे आणि ते थोडे शरमेचे आहे.

सात वर्षांपूर्वी आमच्या भाच्याला हाच नाद लागला होता. एका बुजुर्ग खराद्याकडे तो वर्षभर बसला, लाटणी आणि रव्या काढायला शिकला. स्वतःचा लेथ हवा म्हणाला. आम्ही मोठ्या हौसेने पुढे झालो आणि बंद पडलेल्या एका कारखान्याचा लोखंडकामाचा लेथ भंगारातून किलोच्या भावाने उचलला. आमचा विचार असा, की जो लोखंड कापतो तो लाकूड का नाही कापणार? भाचा दबक्या आवाजात म्हणाला होता, "मामू, हा आपल्या कामाचा नाही." आम्ही ऐकले नाही. व्यापाऱ्याला स्वस्त माल दिसला की त्याचे कान बंद होतात.

तो लेथ गल्लीत आणायला क्रेन लागली. मोटर थ्री फेजची, आणि गल्लीत वीज सिंगल फेज. मोटर बदलली तर पुढची अडचण कळली. लोखंड सावकाश फिरवून कापायचे असते. त्या लेथचा सर्वांत वरचा वेग मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास होता. दीड इंच जाडीचे लाकूड त्या वेगाने फिरवले की पटाशी तंतू कापत नाही, उपटते. शिवाय लोखंडाच्या लेथवर हत्यार शिकंज्यात आवळतात आणि चाक फिरवून पुढे सरकवतात. खराद्याचे हत्यार त्याच्या हातात असते, फक्त टेकवायला एक आडवा टेकू लागतो, ज्याला टूल रेस्ट म्हणतात. तो टेकू त्या मशीनला नव्हताच. वेल्डिंग करून बसवला तर तो थरथरायचा. तेल लावलेल्या सरकपट्ट्यांवर भुसा बसून लगदा व्हायचा. दोन वर्षे तो लेथ ताडपत्रीखाली पडून राहिला आणि शेवटी घेतला त्याहून कमी भावाने पुन्हा भंगारात गेला. भाचा आता टेम्पो चालवतो. ईदला येतो, मामू म्हणून गळ्यात पडतो, आम्हाला एका शब्दाने बोललेला नाही. आम्हीच मनातल्या मनात बोलतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की लोखंडाचा लेथ आणि लाकडाचा लेथ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आयटीआयमध्ये 'टर्नर' नावाचा जो ट्रेड असतो, तो लोखंडाचा आहे. लाकूड शिकायचे तर सुतारकामाचा ट्रेड. पुष्कळ पालक नावावरून फसतात आणि मुलगा भलत्याच रांगेत उभा राहतो.

आता कामाचा विचार. पूर्वी खराद्याचे हुकमी काम म्हणजे पलंगाचे पाय आणि जिन्याच्या कठड्याचे दांडे. आज कठडे स्टीलचे आणि काचेचे आले. लाकडाचे जे लागतात ते कॉपी लेथवर किंवा संगणकावर चालणाऱ्या मशीनवर शेकड्याने निघतात. एकसारखे दोनशे दांडे काढण्यात नवशिक्या त्यांच्याशी टक्कर देऊ शकत नाही, त्याने देऊही नये. पण ज्याच्या घरचा पाळणा मोडला आहे त्याला दोनशे दांडे नको असतात. एकच हवा असतो, आणि तो बाकीच्या अकरांशी जुळणारा हवा असतो. कारखाना हे काम घेत नाही. वाडवडिलांच्या पलंगाचा एक पाय किडला, दिवाणाच्या चार मुठींपैकी एक हरवली, हे सारे काम गल्लीतल्या खराद्याचे. नागापूरच्या एमआयडीसीतील वर्कशॉपमध्ये कानशींना मुठी लागतात. शेतकऱ्याला खुरप्याची, विळ्याची मूठ लागते. लाटणे आणि ताक घुसळायची रवी अजून घराघरांत आहे. आमच्याच धंद्यातले सांगतो: पडद्याच्या दांड्यांना दोन्ही टोकांना लाकडी बोंडे बसवतात. ती आम्ही वर्षानुवर्षे बाहेरून मागवत आलो. नगरमध्ये कोणी करून दिली तर आम्ही का घेणार नाही? आणि तसबीह! तिचे मणी लाकडाचेही असतात, आणि लाकडाचा मणी खरादावरच होतो. आपल्याकडे ज्या विकल्या जातात त्यातल्या किती आपल्या कारीगरांनी केलेल्या असतात, हे दुकानदारांनी स्वतःलाच विचारावे.

या यादीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. जवळजवळ सगळ्या वस्तू दीड फुटाच्या आतल्या आहेत. लाटणे साधारण १४ इंच. मूठ सहा इंच. मणी तर नखाएवढा. पाळण्याचा दांडा किंवा रवीची काठी तेवढी लांब. मग सहा फुटी बेडवर पैसे कशाला घालायचे? लेथची दोन मापे विचारायची असतात. दोन टोकांच्या मध्ये किती लांबीचे लाकूड बसते हे एक, आणि बेडच्या वर किती व्यासाचे लाकूड फिरते हे दुसरे. दुकानदार कधी कधी दुसऱ्या मापाऐवजी बेडपासून टोकापर्यंतची उंची सांगतो. व्यास त्याच्या दुप्पट असतो, तेव्हा सहा इंच ऐकून निराश होऊ नये आणि बारा इंच ऐकून हुरळू नये, कोणते माप सांगितले ते विचारावे. आमच्या मते नवशिक्याला दीड फूट लांबी आणि १० ते १२ इंच व्यास एवढे भरपूर झाले. पुढे लांब काम मिळू लागले तर बेडला जोड लावता येईल असे मशीन निवडावे. म्हणजे पहिल्या दिवशी सहा फुटांचे पैसे अडकत नाहीत आणि सहा फुटांचा रस्ताही बंद होत नाही.

लहान खराद म्हणजे लहान काम असे समजणाऱ्यांनी कैरोच्या जुन्या घरांच्या खिडक्या आठवाव्यात. मशरबिया म्हणतात त्या जाळ्यांना. एकेका खिडकीत शेकडो, कधी हजारो छोटे कातलेले तुकडे एकमेकांत गुंतवलेले असतात. ते काढणारे कारीगर जमिनीवर बसून एका हाताने धनुकली ओढीत लाकूड फिरवायचे, दुसऱ्या हाताने हत्यार धरायचे आणि पायाने त्याला आधार द्यायचे. मोटर नाही, वीज नाही. इतके दूर नको असेल तर बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचे चन्नपटण पाहावे. टिपू सुलतानने इराणी कारीगर आणून तिथे हा हुनर रुजवला असे सांगतात. तिथल्या खेळण्यांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, आणि करणाऱ्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत, भगिनीही आहेत. काळ्या कुड्याचे पांढरे लाकूड खरादावर फिरते, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. वस्तू हातात मावणाऱ्या. आपल्या राज्यात सावंतवाडीची लाखकामाची खेळणी याच घराण्यातली.

आता मशीन प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हाचे सांगतो. फोटो पाहून मशीन घेऊ नये. कापड आम्ही बोटांनी चोळून घेतो, मशीनही हाताने तपासूनच घ्यावे. वजन पाहावे. बेड बिडाचा असेल तर उत्तम, कारण बीड थरथर पिऊन टाकते. पत्र्याचा बेड हलका, वाहायला सोपा, पण काम नाचवतो. मशीन वरच्या वेगावर चालू करून बेडवर पाण्याचा पेला ठेवावा. पाणी नुसते शहारले तर ठीक, पेला चालू लागला तर आपणही दुकानातून चालू लागावे. उजवीकडचा टेलस्टॉक सरकवत डावीकडच्या टोकापर्यंत आणावा. दोन्ही टोके एकमेकांना बरोबर समोरासमोर भिडली पाहिजेत. ती चुकली तर त्या मशीनवर लाकूड कधीच नीट धरले जाणार नाही. मशीन बंद करून फिरता दांडा हाताने वरखाली हलवून पाहावा; खळखळ लागली तर बेअरिंग गेले. पंधरा मिनिटे चालवून बेअरिंगच्या जागी हात लावावा, चटका बसता कामा नये. टूल रेस्ट आवळल्यावर त्यावर जोर देऊन पाहावा. दांड्यावरचे आटे आणि आतला निमुळता गाळा प्रमाण मापाचे आहेत का, हे विचारावे. बहुतेक मध्यम लेथना मोर्स टेपर नंबर २ असतो. भलत्याच मापाचे मशीन स्वस्त पडते, पण त्याला पुढे चक किंवा टोक मिळत नाही, प्रत्येक वेळी करून घ्यावे लागते. महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार.

वेगाचा एक ठोकताळा पाठ करून ठेवावा. लाकडाचा व्यास इंचात धरून त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले, तर गुणाकार सहा हजार ते नऊ हजारांच्या दरम्यान यावा. दहा इंची थाळी असेल तर सहाशे ते नऊशे फेऱ्या. तीन इंची दांडा असेल तर दोन ते तीन हजार. ओबडधोबड, वाकडे लाकूड गोल होईपर्यंत याहून बराच कमी वेग ठेवावा. म्हणून विकणारा वरचा वेग अभिमानाने सांगतो, तेव्हा आपण खालचा विचारावा. खालचा वेग हजाराचा असेल, तर त्या मशीनवर मोठी थाळी चढवणे म्हणजे जिवाशी खेळ. मोटर सिंगल फेजची, अर्ध्या ते एक हॉर्सपॉवरची पुरे. अर्थिंग मात्र आधी करून घ्यावे. आपल्या जुन्या घरांत तिसरी वायर पुष्कळदा नुसती शोभेला असते.

मुलगे जिथे हमखास चुकतात ती जागा म्हणजे हत्यारे. सगळे पैसे मशीनमध्ये घालतात आणि मग बाजारातली सुताराची चपटी पटाशी घेऊन लेथवर उभे राहतात. आमचा हिशेब असा, की शंभर रुपये असतील तर साठच मशीनला द्यावेत. बाकीच्या चाळीसांत हत्यारे, धार लावायचा ग्राइंडर आणि चेहऱ्याची ढाल. हत्यारे सुरुवातीला चार-पाचच लागतात: लाकूड गोल करायची रुंद गोल पटाशी, नक्षीची लहान गोल पटाशी, तिरकी पटाशी, तोडायची अरुंद पटाशी आणि एक खरवडणी. ती हायस्पीड स्टीलची असावीत. साध्या पोलादाला ग्राइंडरवर निळा रंग आला की त्याचे पाणी उतरते, धार टिकत नाही. हायस्पीड स्टील ती उष्णता सोसते. रुंद गोल पटाशी लांबट लाकडावरच वापरावी. थाळी किंवा वाडग्यावर ती कधी लावू नये, अडकून मुठीपाशी मोडते आणि तुकडा उडतो. भाच्याचे उस्ताद म्हणत, शागीर्दाने पहिले चार महिने धार लावायला शिकावे, लाकूड नंतर. तेव्हा आम्हाला ते जुन्या लोकांचे खूळ वाटले होते.

कपड्यांबद्दल दोन शब्द, कारण तो आमचा विषय आहे. ढगळ बाह्यांचा कुर्ता, गळ्यातला रुमाल, ओढणी यांना फिरत्या लेथजवळ जागा नाही. हातमोजे तर मुळीच घालू नयेत. लोकांना वाटते हात वाचेल, प्रत्यक्षात मोजा गुंडाळला जातो आणि हातही ओढला जातो. सागवान आणि शिसवाचा बारीक भुसा छातीला त्रास देतो, नाकातोंडावर मास्क हवा.

लाकडासाठी नवशिक्याने सागवानाच्या मागे लागू नये. आपला जिल्हा अवर्षणाचा असला तरी बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ, नीलगिरी बांधाबांधावर आहे. बाभूळ कठीण आणि चिवट, मुठींसाठी तिच्यासारखे लाकूड नाही. वखारीत जळणाच्या ढिगातूनही चांगले तुकडे निघतात. ओले लाकूड मात्र वाळताना तडकते. टोकांना मेण किंवा रंग फासून सावलीत ठेवावे. एक इंच जाडीला वर्षभर असा जुना अंदाज आहे. सागवान, आंबा, चिंच अशी झाडे तोडायला कायद्याने परवानगी लागते, म्हणून कोणी रात्री लाकूड आणून देतो म्हणाला तर घेऊ नये आणि वखारीची पावती जपून ठेवावी.

आता पैशाचा प्रश्न. आमचे मत कडक आहे, कोणाला पटो न पटो. पहिल्या मशीनसाठी व्याजाने पैसे काढू नयेत. व्याज हराम आहे हे तर आहेच, त्यावर आम्ही काय लिहिणार. नुसत्या व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी नवशिक्याचे पहिले सहा महिने लाकूड वाया घालवण्यात जातात, आणि हप्ता पहिल्याच महिन्यापासून सुरू होतो. २०२३ साली केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. तिच्या १८ व्यवसायांत खरादी वेगळा नाही; सुतार आहे आणि बाहुल्या-खेळणी करणारा आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, ही दोन्ही कर्जे नव्हेत. त्यापुढचे लाखाचे कर्ज ५ टक्के व्याजाचे आहे. आधीचे घ्यावे, पुढच्याविषयी आपल्या आलिमांना विचारावे. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, हे आधी ध्यानात घ्यावे.

पण सरकारकडे बोट दाखवून आम्हा व्यापाऱ्यांची सुटका होत नाही. आपल्या बाजारात असे कितीतरी लोक आहेत, की ज्यांना एका लहान लेथची किंमत जड नाही. कर्ज-ए-हसना द्यावे, जेवढे दिले तेवढेच परत घ्यावे. नाही तर मुदारबा करावा: भांडवल आपले, मेहनत त्याची, नफ्याची वाटणी आधी ठरवलेली आणि लिहिलेली, त्याच्या कसुराशिवाय तोटा आला तर भांडवलाचा तोटा आपला, त्याची मेहनत वाया गेली हा त्याचा. आपण लग्नाच्या मांडवाला जेवढे देतो तेवढ्यात दोन मुलगे खरादावर उभे राहतात. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत, हे हदीसमध्ये आले आहे. तरीही मुलगा सुतारकाम करतो म्हटले की आपल्याकडे सोयरीक अडते आणि मोबाइलच्या दुकानात नोकर आहे म्हटले की जुळते. असो, तो विषय मोठा आहे.

मुकुंदनगरच्या मुलाला आम्ही एक अट घातली होती. लेथ नंतर. आधी त्याच बुजुर्ग खराद्याकडे, जिथे आमचा भाचा शिकला, तीन महिने बसायचे आणि उस्तादांच्या मशीनवर पडद्याची पन्नास बोंडे आम्हाला काढून द्यायची. एकसारखी. रुसला होता. पण गेला. पहिल्या खेपेची बोंडे एकीसारखी दुसरी नव्हती. आम्ही ती परत केली. दुसऱ्या खेपेला अडतीस घेतली. तिसऱ्या खेपेला पन्नासच्या पन्नास घेतली आणि रोख पैसे दिले. आता त्याला विचारले की कोणता लेथ हवा, तर तो मोबाइल काढत नाही. दीड फुटी, बिडाच्या बेडचा, खालचा वेग पाचशेच्या आतला, असे तोंडाने सांगतो. पुण्यात एक पाहून ठेवला आहे म्हणतो. येत्या रविवारी आम्ही दोघे बघायला जाणार आहोत. बोलणी मुदारब्याची झाली आहेत, कागद तयार आहे. भाच्यालाही बरोबर ये म्हणून सांगितले आहे, मशीन तपासायला. टेम्पोला सुट्टी मिळाली तर येतो म्हणाला. बांगड्या अम्मीच्या हातातच आहेत.